तदमोरचा उंबरा

आत्मचरित्रं लिहिणारे लोक सोळा-सतराव्या वर्षी मोठे होतात. मी मोठा झालो तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, डोक्यावर फारसे केस उरले नव्हते आणि बॉनमधल्या टेलिफोनच्या एका कंपनीत माझ्या निम्म्या वयाची जर्मन पोरं माझ्या हाताखाली काम करत होती. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न हे सगळं मी आधीच्या प्रकरणांत लिहिलं आहे. ते नुसतं वाढणं होतं. इथल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत माझ्याविषयी आणि माझ्या आईविषयी एक गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जाते. ती अशी की, शांतवनची म्हातारी आई यात्रेत मूर्तिपूजकांच्या देवळासमोर डोकं टेकून बसली, आणि तिला पाठीशी घालण्यासाठी शांतवनने प्रभूच्या मेजाचा अपमान केला आणि मंडळी फोडली. यातलं अर्धं खोटं आहे. जे खरं आहे त्याची मला लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच एका वाक्याची. ते वाक्य या गोष्टीत कुणी घालत नाही, कारण ते तेव्हा सगळ्यांनाच सोयीचं होतं.

आई आमच्याकडे आली तेव्हा ऱ्हाइनकाठची थंडी सरत आली होती. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघून ती पहिल्यांदाच विमानात बसली होती आणि बॅगेत पातळांच्या घड्यांमध्ये तिने लोखंडी खलबत्ता आणला होता. विमानतळावर कस्टमच्या माणसाने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला, तेव्हा आई त्याला शुद्ध नगरी मराठीत म्हणाली, "घरी न्यायचाय का? दुसरा मिळायचा न्हाय." त्या खलबत्त्याने आमच्या घराचा आवाजच बदलला. तोवर आमच्याकडे ऐकू यायची ती खालून जाणारी ट्राम, धुण्याचं यंत्र आणि रूथच्या खोलीतलं दार आपटणं. रूथ म्हणजे माझी मुलगी. तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसली, लसूण, सुक्या मिरच्या आणि भाजलेले शेंगदाणे खलात घातले आणि घाव घालायला लागली. फळीवरची स्टीलची भांडी थरथरली. थोड्याच वेळात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलर दारात उभ्या होत्या.

रूथने त्यांचं ऐकून घेतलं आणि आत येऊन आजीला म्हणाली, "ओमा, आज सोनटाग आहे. रूहेत्साइट."

"म्हंजी?"

"म्हणजे रविवारी आवाज करायचा नाही. देवाने पण रविवारी आराम केला ना."

"आराम केला. पण जेवला आसंल का न्हाय?"

माझी बायको सुनीता मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, आईंना सांगा ना नीट. नोटीस येईल आपल्याला." मी काहीच सांगितलं नाही. कुणालाच काही न सांगणं हा माझा स्वभावच होता. शेवटी सुनीताने खलबत्त्याखाली गोधडीची चौपदरी घडी घातली आणि ती चटणी झाली. त्या दिवशी कुळथाचं पिठलं, भात आणि ती चटणी असं आम्ही जेवलो. रूथने तिसऱ्यांदा चटणी मागितली ती मराठीत, कारण आजीला दुसरी भाषाच येत नव्हती. पुढे रोज संध्याकाळी घरची प्रार्थना व्हायची तेव्हा आई टाळ वाजवत भजन म्हणायची आणि रूथ तिच्या मांडीला टेकून बसायची. माझ्या मुलीच्या तोंडून मराठी वाक्यं पूर्ण झालेली मी त्या महिन्यांत ऐकली.

महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना एका जर्मन चर्चच्या सभागृहात होत असे. कोलोनहून, ड्युसेलडॉर्फहून कुटुंबं यायची. पाळकसाहेब अगदी तरुण होते, बॉनच्या विद्यापीठात ईश्वरविज्ञानावर पीएचडी करत होते. मंडळी खऱ्या अर्थाने चालवायचे ते साळवेसाहेब. ते आमच्या सगळ्यांच्या आधी जर्मनीत आलेले, आणि वाक्यावाक्याला "गेनाऊ" म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायची त्यांना सवय होती. मी बॉनला आलो तेव्हा मला घर शोधून देणारे तेच, पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत सोबत येणारे तेच, रूथच्या शाळेत शिक्षकांशी बोलणारेही तेच. हे मी मुद्दाम लिहितो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ती होताना देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते आणि त्यासाठी गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. साळवे ती गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. जे इतक्या मोलाने सोडलं ते कुणी नकळतही परत घरात आणू नये, असा त्यांचा पहारा असे.

आमच्या गावच्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, लोक पायताण बाहेर काढतात, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात आणि चटईवर बसतात. त्या देवळाची जमीन आईने आयुष्यभर शनिवारच्या शनिवारी शेणाने सारवली होती. त्यामुळे पहिल्याच उपासनेला तिने सभागृहाच्या दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत आली.

साळवे उठून म्हणाले, "मावशी, इथे तशी पद्धत नाही. जर्मन लोक बूट घालूनच बसतात."

"बसू द्या की. गारठत आसतील बिचारे."

सगळे हसले. साळवेही हसले. पण त्यानंतर दर उपासनेला त्यांची नजर आईच्या पायांकडे जायची हे मी पाहिलं होतं.

ईस्टरच्या सुट्टीत मंडळीने सिरियाची यात्रा ठरवली. पौलाची दृष्टी जिथे गेली आणि परत मिळाली ते दमास्कस पाहायचं, जुने ख्रिस्ती मठ पाहायचे आणि शेवटच्या रविवारी दमास्कसमध्येच प्रभुभोजन घ्यायचं, म्हणजे प्रभूच्या मेजावर येऊन त्याच्या आठवणीची भाकर खायची, असा बेत होता. आईसाठी मी मुंबईहूनच जर्मनीत पुन्हा आत येता येईल असा व्हिसा मागून घेतला होता. वाळवंटातलं तदमोर यात्रेत घातलं ते साळवेंनी. जग त्या अवशेषांना पाल्मिरा म्हणतं, पण शलमोन राजाने रानात तदमोर बांधल्याचं पवित्र शास्त्रात आहे, म्हणून ते पाहिल्याशिवाय परतायचं नाही, असा त्यांचाच आग्रह होता. त्यांच्याच आग्रहाने आम्ही तिथे गेलो, हे लोक आता विसरतात.

दमास्कसहून बस निघाली ती तासन् तास उजाड जमिनीतून. झाड नाही, घर नाही, मधूनच एखादा मेंढ्यांचा कळप. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "आपल्या पाथर्डीकडं बी दुष्काळात असंच दिसतं," ती रूथला म्हणाली, "पर इथं कुणी रडत न्हाय." बसमध्ये सुनीताने शंकरपाळे फिरवले. आमचा वाटाड्या याकूब तरुणपणी लाइप्झिगला शिकलेला सिरियन ख्रिस्ती होता. त्याची जर्मन ऐकून रूथ आणि तिच्या वयाची पोरं खुदुखुदू हसत होती. मग एका वळणावर खजुरीची राई दिसली आणि तिच्यामागे मधाच्या रंगाचे खांबच खांब, वाळूत उभे.

मोठ्या देवळाच्या पायऱ्यांपाशी साळवेंनी सगळ्यांना थांबवलं. हे बेल या देवाचं देऊळ, असं याकूबने सांगताच साळवेंनी पवित्र शास्त्र उघडून यशया संदेष्ट्याने 'बेल वाकला आहे' असं जे लिहिलं आहे ते वाचून दाखवलं, आणि म्हणाले, "आत जायचं ते पाहायला. इथे कुणी हात जोडायचे नाहीत, मान झुकवायची नाही." आईने हे नीट ऐकलं. तिच्या पायांत कापडी बूट होते. ते न काढता, उंबऱ्याला न शिवता, पदर खोचून ती सरळ आत गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांनी हे पाहिलं त्यांतल्या कुणीही नंतर ते सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगतो.

आत छत कुठे कुठे शिल्लक होतं, त्यावर कोरीव फुलं आणि तिथल्या देवांचे मुखवटे होते. मंडळी वर बघत फोटो काढत होती. याकूब रूथला आणि आईला एका भिंतीपाशी घेऊन गेला. तिथे गिलाव्यावर फिकट लाल-निळे ठिपके होते, नीट पाहिलं तर एखाद्या अंगरख्याची घडी वाटावी असे. तो हळू आवाजात बरंच काही बोलला. मी जवळच उभा होतो.

रूथ म्हणाली, "ओमा, तो म्हणतो, हे नंतर चर्च झालं. खूप वर्षं. इथे लोक प्रार्थना करायचे. हे चित्र त्यांचं आहे."

"आपल्या लोकांचं?"

"हो. आपल्या लोकांचं."

आई थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग मागे वळली आणि गर्दीतून वाट काढत थेट बाहेर गेली. मला वाटलं तिला दमल्यासारखं झालं असेल. मी तिच्या मागे गेलो. तिने बाहेर दगडावर बसून बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि अनवाणी येऊन त्या भल्यामोठ्या दगडी उंबऱ्यावर वाकली. हात टेकला, कपाळाला लावला. मग कपाळच टेकलं. "पायताण घालून शिरले म्या," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणीतरी बाई हितं बी झाडलोट करत आसंल." आणि आत जाऊन भिंतीपाशी उभी राहून हलक्या आवाजात भजन म्हणायला लागली. तेवढ्यात मागून कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. कुणाचा तो कॅमेरा होता हे मला माहीत आहे, पण ते गृहस्थ आता हयात नाहीत, म्हणून सोडून देतो. पुढे तो फोटो मंडळीच्या ईमेलवर सगळीकडे फिरला. उंबऱ्यावर वाकलेली म्हातारी आणि वर दगडात कोरलेलं ते सगळं मूर्तींचं वैभव. एका फोटोत एवढंच मावतं. त्याआधी ती बूट घालून आत गेली होती हे त्यात मावत नाही.

त्या देवळाचा आतला भाग आता उरलेला नाही. युद्धात तो सुरुंग लावून उडवला गेला. नुसती दाराची चौकट उभी राहिली, असं मी बातम्यांत पाहिलं. त्या संध्याकाळी मंडळीतल्या एका जुन्या सभासदाचा मला फोन आला. "बघा शांतवनराव, शेवटी देवानेच निकाल लावला," तो म्हणाला. देवळात सुरुंग पेरणाऱ्यांना देवाचे हात म्हणणाऱ्या माणसाशी मी एक शब्दही बोललो नाही. फोन ठेवला आणि त्याचा फोन आजतागायत उचललेला नाही.

यात्रेत त्या दिवशी तदमोरच्या हॉटेलवर पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. जेवणापूर्वी जेवणघरातच प्रार्थना व्हायची होती. खुर्च्या लावून होत असताना साळवे मला दारापाशी भेटले. त्यांचा चेहरा खरोखर उतरलेला होता.

"शांतवन, पोरं बघत होती रे. उद्या माझा नातू विचारेल, त्या आजीने केलं मग आपण का नाही?"

"तिला चर्च म्हणून कळलं, साहेब. याकूबने सांगितलं."

"चर्च नंतरचं. उंबरा बेलचाच आहे ना? गेनाऊ. मी भांडायला आलो नाही. ऊन होतं, मावशींचं वय झालंय. भोवळ आली, काही सुचलं नाही, असं तू दोन शब्दांत सांग. विषय संपला. रविवारी सगळे एकत्र मेजावर येऊ."

हे त्यांनी मायेने सांगितलं, आणि मी ते मायेनेच ऐकलं. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं होतं की त्यांना नाही म्हणायची मला सवयच राहिली नव्हती. प्रार्थना संपली तेव्हा मी उभा राहिलो. समोर सुनीता होती, रूथ होती, आणि खुर्चीत पाय वर घेऊन आई बसली होती. मी म्हणालो, "आज जे झालं त्याबद्दल कुणी मनात ठेवू नये. आईचं आता वय झालंय. उन्हामुळे आपण कुठे आहोत हेच तिला कळलं नाही."

हेच ते वाक्य. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य, आणि ते मी अत्यंत सभ्य आवाजात बोललो.

"कुणाला कळलं न्हाय?" आई म्हणाली.

ती खुर्चीतून उतरली. "साळवे, तुम्ही सांगितलं मूर्तीचं घर हाय, म्या पायताण घालून गेले. पोरीनं सांगितलं आपलं देऊळ हुतं, म्या पायताण काढलं. दोन्ही टायमाला मला कळत हुतं. ह्याला कळत न्हाय काय बोलतोय ते."

"मावशी, मग निदान पश्चात्तापाचा एक शब्द..."

"कशाचा? बूट घालून शिरल्याचा? तो म्या तिथंच केला."

रूथ उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते. मराठी तिला सापडेना. "ओमा हाट रेष्ट," ती ओरडली. आजीचंच बरोबर आहे. पाळकसाहेब आपल्या ताटाकडे बघत होते. साळवे शांतपणे म्हणाले की मग मावशींना रविवारी मेजावर येता येणार नाही, आणि मंडळी जेवायला बसली. डाळीचं सूप होतं. मी ते प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

दमास्कसला परतताना बसमध्ये आई रूथला संत्री सोलून देत होती. मला एक फोडही दिली नाही. "आई, बोल ना काहीतरी," मी म्हणालो.

"मला काय कळतंय? माझं वय झालंय."

रविवारची उपासना दमास्कसच्या जुन्या वस्तीतल्या एका चर्चने दिलेल्या खोलीत होती. बाहेर अंगणात लिंबाचं झाड होतं आणि पलीकडच्या गल्लीत कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं. मेजावर येण्याची वेळ झाली तेव्हा मी, सुनीता आणि रूथ जाऊन गुडघे टेकून रांगेत बसलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई आली, माझ्या शेजारी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पुढे केले. पाळकसाहेब भाकर वाटत आले. भाकर म्हणजे बॉनहून आणलेल्या, पापडापेक्षा पातळ अशा पांढऱ्या चकत्या होत्या. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवली. आईपाशी ते थांबले. साळवेंकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेले.

आईने हात खाली केले नाहीत. ती रडली नाही, कुणाकडे पाहिलं नाही, नुसते हात पुढे धरून बसली. तिची बोटं खलबत्त्याने आणि शेणा-मातीने जाड झालेली होती. मी माझ्या हातातली चकती मोडली. तिचा मोडण्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. अर्धी मी तिच्या तळव्यावर ठेवली.

"शांतवन!" साळवे म्हणाले. "तुला तो अधिकार नाही."

"नाही," मी म्हणालो.

आईने ती तोंडात टाकली. चावायला काही नव्हतंच, तरी तिने सावकाश चावली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "चल. गुडघं दुखत्यात." त्याच दिवशी साळवेंनी मला अंगणात बोलावून मंडळीसमोर माफी मागायला सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला पहिल्यांदा तोंडावर नाही म्हणालो ते त्या लिंबाच्या झाडाखाली. आमच्यासोबत आणखी चार घरं बाहेर पडली आणि वेगळी उपासना करू लागली. मंडळी फोडली म्हणतात ती ही. हो, फोडली. आईला रांगेत हात पसरून बसवणारी मंडळी अखंड राहिली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आई उन्हाळ्याआधी गावी परतली आणि काही वर्षांनी तिथेच वारली. त्या जेवणघरातल्या वाक्याची मी तिच्याकडे माफी मागितली होती. विमानतळावर, घाईत. ती म्हणाली, "माझ्याकडं मागून काय उपेग? ज्यांच्यापुढं बोललास त्यांना सांग." ते मी केलं नाही. ते लोक मला भेटायला तयार होते ते फक्त भाकरीची माफी घ्यायला, आणि ती मी देणार नव्हतो. म्हणून एवढी वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात साळवेंचा फोन आला. ते आता हॅम्बर्गला मुलाकडे असतात, फार थकले आहेत. "शांतवन," ते म्हणाले, "दोघंही म्हातारे झालो. भाकरीबद्दल एक शब्द बोल आणि मंडळीत परत ये. मला ते बघून जायचंय."

"भाकरीबद्दल नाही बोलणार, साहेब."

"मग कशाबद्दल बोलशील?"

"तदमोरच्या जेवणघरात तुम्ही मला एक वाक्य सुचवलंत आणि मी ते बोललो. त्याबद्दल आपण दोघं मंडळीसमोर उभे राहू. एकटा मी नाही, दोघं. तुम्ही सांगाल त्या रविवारी मी येतो."

मग ते म्हणाले, "जेवलास का?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही रविवार सांगा."